स्वस्तातले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कसे पारखायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'नेमका कुठला घेऊ?' हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर खाली सापडणार नाही. मॉडेलं सहा महिन्यांत बदलतात, पारखायची रीत तीच राहते. म्हणून इथे रीतच सांगितली आहे. 'स्वस्त' म्हणजे नावाजलेल्या कंपन्यांच्या सर्वांत वरच्या मॉडेलच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या किमतीत मिळणारे, कान पूर्ण झाकणारे वायरलेस हेडफोन. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एएनसी म्हणजे नेमकं काय? बटण दाबल्यावर आत घडतं काय?

एएनसी म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. कपवर बसवलेला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो, चिप त्या लहरीची बरोबर उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती तुमच्या कानात सोडतो. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना बरीच जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना १९३६ साली अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. पण वैमानिकांसाठी असे हेडसेट बाजारात यायला १९८० चं दशक संपत आलं, कारण हे सगळं पुरेशा वेगाने करू शकणारे सुटे भाग तोवर नव्हते.

माइक कपच्या बाहेर असेल तर त्याला फीडफॉरवर्ड म्हणतात, आत कानाजवळ असेल तर फीडबॅक आणि दोन्हीकडे असतील तर हायब्रिड. हायब्रिड असणं चांगलं, पण नुसत्या शब्दावर जाऊ नका. नीट जुळवलेली एका माइकची रचना ढिसाळ हायब्रिडला मागे टाकू शकते.

२. डब्यावर 'ईएनसी' लिहिलंय. ते एएनसीच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं. तुम्ही फोनवर बोलताना मागचा गोंगाट गाळला जातो आणि फायदा पलीकडच्या माणसाला होतो. तुमच्या कानाला काहीच फरक पडत नाही. 'सीव्हीसी' लिहिलेलं असेल तर तेही कॉलच्या माइकचंच तंत्र. 'नॉइज आयसोलेशन' म्हणजे फक्त कानाभोवती बसणारी गादी जाड आहे, आत चिप-बिप काही नाही. 'नॉइज कॅन्सलिंग माइक' या शब्दांत 'माइक' शेवटी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते वाचा. खऱ्या एएनसीला चालू-बंद करण्याचं बटण किंवा ॲपमध्ये तशी सोय असते. ती नसेल तर संशय घ्या.

३. पंख्याचा आवाज जातो, पण माणसांचं बोलणं ऐकूच येतं. माझा हेडफोन खराब आहे का?

बहुतेक नाही. सगळेच एएनसी हेडफोन इथे अडखळतात, स्वस्त जरा लवकर अडखळतात.

कारण वेळेचं आहे. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० लहरींच्या, घरघरीची एक लहर पूर्ण व्हायला १० मिलिसेकंद लागतात. आवाजाचा दाब दहाव्या हिश्शावर आणायचा असेल तर उलट्या लहरीला चुकायला जेमतेम सहा अंशांची मुभा असते (पूर्ण लहर ३६० अंशांची धरून). १०० हर्ट्झला ती होते सुमारे ०.१६ मिलिसेकंद, २००० हर्ट्झला ०.००८. शिवाय बारीक आवाजांची लहर इतकी आखूड असते, की डोकं किंचित हललं, गादी जराशी सरकली तरी सगळं गणित विस्कटतं. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर एएनसी हात टेकते. तिथून पुढे आवाज अडवायचं काम गादीचं आणि कपच्या भिंतीचं.

आता आपलं बोलणं. स्वर खालच्या पट्टीतले असले तरी शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि 'स', 'श', 'ट', 'च' यांची ओळख पटवणारा बराचसा आवाज २००० हर्ट्झच्या पुढे असतो. बाळाचं रडणं, दाराची बेल, कुत्र्याचं भुंकणं हे आवाजही एएनसीला जड जातात. त्यात ते मध्येच सुरू होतात, मध्येच थांबतात. एएनसीला आवडतो तो एकसुरी, न संपणारा आवाज. उलट काहींना एएनसी लावल्यावर शेजारच्यांचं बोलणं आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आल्यासारखं वाटतं. खोलीतली घरघर नाहीशी झाल्यावर त्यावर पांघरूण घालायला काही उरत नाही.

तेव्हा तुमचा त्रास मुख्यतः माणसांच्या बोलण्याचा असेल तर पैसे एएनसीपेक्षा जाड, घट्ट बसणाऱ्या गादीवर घाला.

४. एकावर '३५ डेसिबलपर्यंत', दुसऱ्यावर '५० डेसिबलपर्यंत' आहे. पन्नासवाला घेऊ?

'पर्यंत' या शब्दावर बोट ठेवा. बहुतेक वेळा हा आकडा ज्या एका फ्रीक्वेन्सीला (आवाजाच्या पट्टीला) हेडफोनने सर्वांत चांगलं काम केलं तिथला असतो. बाकी पट्ट्यात तो दहावर आला तरी डब्यावर पन्नासच छापलं जाईल. गादीने अडवलेला आवाज त्यात धरलाय की नाही, हेही कळत नाही.

अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा: १० डेसिबल कमी झालं की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो आणि २० डेसिबलला दाब एक दशांश होतो. स्वस्त हेडफोनने खालच्या घरघरीत २० डेसिबल खरोखर काढले तर मी समाधानी असतो. आकडा हवाच असेल तर एका संख्येऐवजी फ्रीक्वेन्सीनुसार काढलेला आलेख शोधा (प्रश्न १७).

५. घरी किंवा दुकानात तपासायचं कसं? माझ्याकडे मोजायची साधनं नाहीत.

कान आहेत, ते पुरतात. फक्त तुलना योग्य गोष्टींची व्हायला हवी.

एकसुरी आवाज शोधा: पूर्ण वेगातला पंखा, एसी, वॉशिंग मशीन, चालू इंजिन. काहीच नसेल तर दुसऱ्या फोनवर किंवा स्पीकरवर 'ब्राउन नॉइज' लावा. त्यात खालच्या पट्टीचा भार जास्त असतो, त्यामुळे तो विमानाच्या किंवा बसच्या घरघरीच्या जवळ जातो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालची पट्टी येतच नाही, तेव्हा मोठा स्पीकर घ्या. तो जागचा हलवू नका आणि स्वतःही एकाच ठिकाणी बसा.

आता तीन पायऱ्या. हेडफोन नाही, हेडफोन घातला पण एएनसी बंद, एएनसी चालू. विकणारा नेहमी पहिलीवरून थेट तिसरीवर नेतो आणि आपण थक्क होतो, पण त्यातला निम्मा पराक्रम गादीचा असतो. एएनसीचे पैसे दुसरी आणि तिसरी यांतल्या फरकासाठी मोजतोय. तो फरक गाणं न लावता ऐका. गाणं लावलं की सगळंच बरं वाटतं.

मग माझी आवडती चाचणी. त्याच गोंगाटात कुणाचं तरी साधं बोलणं लावा, मुलाखत किंवा बातम्या. एएनसी बंद ठेवून शब्द न शब्द कळेल इतकाच आवाज ठेवा आणि आवाजाच्या पायऱ्या मोजा. आता एएनसी चालू करून पुन्हा तेवढंच कळेल इतका आवाज उतरवा. तीन-चार पायऱ्या उतरता आल्या तर हेडफोन कामाचा. एकच उतरली तर ते बटण शोभेचं.

शेवटी चाला. जिने उतरा, जबडा हलवा, मान फिरवा. काही स्वस्त हेडफोन पावलागणिक कानात 'थप थप' करतात, तर काही गाडी खड्ड्यात आपटली की क्षणभर बंद पडल्यासारखे होतात. दाबाचा अचानक धक्का आतल्या माइकला झेपत नाही. दुकानातल्या खुर्चीत बसून हे कधीच कळत नाही, म्हणून परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे हे आधी विचारा आणि पहिल्या दोन दिवसांत त्याला तुमच्या खऱ्या गोंगाटात घेऊन जा.

६. मी चष्मा लावतो. काही फरक पडतो का?

पडतो, आणि बऱ्यापैकी. चष्म्याची काडी गादीखाली बारीक फट ठेवते. त्या फटीतून गोंगाट आत येतो, गाण्यातला बेस बाहेर जातो आणि एएनसीचं गणित ज्या बंदिस्त पोकळीवर बेतलेलं असतं ती पोकळीच राहत नाही. मोठी कर्णभूषणं, कानांवर येणारे दाट केस यांचंही तेच. तपासणी सोपी आहे: दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबा. घरघर एकदम कमी झाली किंवा बेस वाढला तर फट आहे. मऊ, जाड फोमच्या गाद्या काडीभोवती बसतात. कडक, पातळ गाद्या बसत नाहीत. पारखताना रोजचाच चष्मा लावून पारखा, काढून नव्हे.

७. एएनसी लावलं की कानात दाब आल्यासारखं वाटतं. कानाला इजा होते का?

हवेचा दाब खरोखर वाढलेला नसतो. खालच्या पट्टीचे आवाज अचानक गायब झाले की मेंदू त्याचा अर्थ दाबातला बदल असा लावतो, असं त्याचं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. काहींना तासाभरात सवय होते, काहींना कधीच होत नाही. एएनसीची पातळी कमी-जास्त करता येणारं मॉडेल अशांसाठी बरं. दुखत असेल किंवा गरगरत असेल तर काढून ठेवा. काढल्यावरही थांबत नसेल तर तो विषय हेडफोनचा नाही, कानाच्या डॉक्टरांचा.

८. शांत खोलीत 'सूं' असा आवाज येतो.

तो माइकचा स्वतःचा आवाज. माइक जितका स्वस्त तितका तो जास्त. घरघरीत आणि गाण्याखाली तो झाकला जातो. झाकला जात नसेल, हळू गाण्यातही टोचत असेल, तर परत करा. आणि खोली मुळात शांत असेल तर एएनसी बंदच ठेवा, तिला तिथे काही कामच नाही.

९. एएनसी चालू-बंद केल्यावर गाणंच वेगळं वाटतं. असं व्हायला हवं का?

होऊ नये, पण स्वस्तात होतं. आतला माइक गोंगाटासोबत गाण्याचा बेसही ऐकतो आणि चिपने तो नीट वेगळा काढला नाही तर गाण्यालाही कात्री लागते. काही कंपन्या मग भरपाई म्हणून बेस ढकलून वाढवतात. ज्या स्थितीत तुम्ही जास्त वेळ ऐकणार, त्याच स्थितीत आवाज पारखा. ॲपमध्ये इक्वलायझर असेल तर थोडीफार डागडुजी होते. तो एएनसी चालू असतानाही चालतो का, हे मात्र बघून घ्या.

१०. एलडीएसी, ब्लूटूथ ५.३, ४० मिमी ड्रायव्हर यांतलं खरंच महत्त्वाचं काय?

आमच्या मते यांतलं काहीच पहिल्या पाचांत नाही.

ब्लूटूथचा आकडा वाढला म्हणून गाणं सुधारत नाही. ड्रायव्हर, म्हणजे आतला स्पीकर, किती मिलिमीटरचा यापेक्षा तो जुळवलाय कसा याला महत्त्व. कोडेकचं (ब्लूटूथवर गाणं दाबून पाठवायच्या पद्धतीचं) म्हणाल तर सोनीचा एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, साधा एसबीसी सहसा ३२८ च्या आसपास थांबतो. पण कोडेक दोन्हीकडे लागतो. आयफोनमध्ये एलडीएसी नाही, तिथे एएसीच वापरला जातो, म्हणजे त्या छापाचे पैसे वाया. आणि बसच्या गोंगाटात ३२८ आणि ९९० यांतला फरक ओळखणारे कान मला अजून भेटलेले नाहीत.

किंमत आणि आवाज यांचं नातं तर त्याहून ढिलं. येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं, की फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठल्या पट्टीचा आवाज किती वाजतो ते) आणि किंमत यांच्यात सहसंबंध आढळत नाही. महागात एएनसी, जडणघडण, आराम सुधारतो. सूर सुधारेलच असं नाही.

११. गाणी छान वाजतात, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. का?

ब्लूटूथ क्लासिकमध्ये गाण्यांसाठी एक प्रोफाइल (आवाज नेण्याची ठरलेली पद्धत) असतं, बोलण्यासाठी दुसरं. गाण्यांचं प्रोफाइल एकाच दिशेने चालतं. माइक सुरू झाला की हेडफोन कॉलच्या प्रोफाइलवर जातो आणि तिथे आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सँपलिंगवर येतो, म्हणजे त्याचा तपशील बराच कमी होतो. महाग हेडफोनांचंही तेच होतं, हा दोष स्वस्ताईचा नाही.

उपाय साधा आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, हेडफोनला फक्त ऐकायला ठेवा. एलई ऑडिओ हे नवं तंत्र ही अडचण सोडवतं, पण ते लॅपटॉप आणि हेडफोन दोघांतही हवं.

१२. 'मल्टिपॉइंट' म्हणजे दोन फोन लक्षात ठेवणंच ना?

नव्हे. लक्षात तर बहुतेक हेडफोन सात-आठ उपकरणं ठेवतात. मल्टिपॉइंट म्हणजे एकाच वेळी दोघांशी जोडलेलं असणं: लॅपटॉपवर व्हिडिओ चालू असताना फोन वाजला तर तोही कानात येतो. काही स्वस्त मॉडेलांत मल्टिपॉइंट चालू केलं की एलडीएसी बंद होतो. निवड करायची वेळ आली तर मी डोळे मिटून मल्टिपॉइंट ठेवतो.

१३. व्हिडिओत ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. गेममध्ये तर फारच.

ब्लूटूथवर आवाज पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात. बरेचसे व्हिडिओ ॲप चित्र तेवढंच मागे ओढून मेळ बसवतात, त्यामुळे तिथे खटकत नाही. गेमला तसं करता येत नाही. 'गेम मोड'ने उशीर कमी होतो, नाहीसा होत नाही. गंभीरपणे खेळणाऱ्याने वायर लावावी. पण त्याआधी पुढचं उत्तर वाचा.

१४. बॅटरी संपली की वायर लावून चालेल ना?

गृहीत धरू नका. आधी ३.५ मिमीचं भोक आहे का ते बघा, अनेक मॉडेलांत ते काढून टाकलंय. यूएसबी-सीचं तोंड असलं म्हणजे त्यातून आवाज जातोच असं नाही, बऱ्याचदा ते फक्त चार्जिंगला असतं. वायर लावल्यावर काहींत एएनसी बंद पडते. बॅटरी पूर्ण संपल्यावर वायरवर वाजलाच तर आवाज सुधारणारी आतली चिप झोपलेली असते, त्यामुळे आवाज पातळ किंवा दबलेला येतो. हे सगळं दुकानातच वायर लावून दोन मिनिटांत कळतं.

१५. '६० तास बॅटरी' हे खरं असतं का?

असू शकतं, पण सहसा एएनसी बंद आणि आवाज मध्यावर ठेवून. एएनसी चालू असतानाचा आकडा वेगळा छापलेला असतो, तोच धरा. माझ्या लेखी तीसच्या पुढचे तास शोभेचे आहेत. दहा मिनिटांच्या चार्जिंगवर किती वेळ चालतो, हा प्रश्न रोजच्या धावपळीत जास्त उपयोगी पडतो.

१६. कानांच्या आरोग्यासाठी एएनसी चांगलं का? मशीनवर काम करताना संरक्षण म्हणून घालू का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं ठाम नाही.

गोंगाट कमी झाला की गाण्याचा आवाज कमी ठेवता येतो, हा खरा लाभ आणि प्रश्न ५ मधली पायऱ्यांची चाचणी तोच मोजते. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा संदर्भ आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असा आहे. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ८३ वर तो वेळ २० तासांवर येतो. एएनसी लावूनही आवाज पूर्वीइतकाच ठेवलात तर फायदा शून्य.

ड्रिल, करवत, ग्राइंडर यांसाठी प्रमाणित कानरक्षकच हवेत. अशा यंत्रांत बारीक आणि अचानक उसळणारे आवाज भरपूर असतात, आणि एएनसी नेमकी तिथे दुबळी. त्यात घरघर गेल्यामुळे कान सुरक्षित असल्याचा भास होतो, तो जास्त धोकादायक.

१७. रिव्ह्यू वाचून डोकं चक्रावलंय. विश्वास कशावर ठेवू?

ज्यात एएनसीचा आलेख आहे आणि गादीने अडवलेला आवाज वेगळा दाखवलाय त्यावर. कृत्रिम डोकं-कान वापरून केलेली मोजणी असेल तर उत्तम. त्याखालोखाल सहा महिने वापरून लिहिलेलं बरं. ताऱ्यांची सरासरी मी बघतच नाही. दोन आणि तीन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. एक तारा देणारा चिडलेला असतो आणि पाच देणाऱ्याने बहुतेक वेळा नुकताच डबा उघडलेला असतो. तिथे 'बिजागरी', 'गादी सोलली', 'एका बाजूचा आवाज गेला' हे शब्द किती वेळा येतात ते मोजा.

१८. हेडफोनचं ॲप लोकेशनची परवानगी मागतं. द्यावी का?

अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ही परवानगी लागतेच, त्यामुळे तिथे मागणीत काळंबेरं असेलच असं नाही. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आहे. नव्या फोनवरही लोकेशनसाठी अडून बसलं तर नाकारा आणि चालतं का बघा. एकदा सेटिंग करून ॲप काढून टाकलं तरी बरेच हेडफोन ते लक्षात ठेवतात. फर्मवेअर (हेडफोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करण्यापुरतं परत टाका.

१९. बाहेर वाऱ्यात एएनसी लावलं की उलट जास्त घुरघुर होते.

वारा बाहेरच्या माइकच्या तोंडावर आदळतो आणि चिप त्यालाच आवाज समजून त्याची उलटी लहर कानात ओतते. 'विंड' मोड असेल तर तो लावा, त्यात बाहेरच्या माइकचं महत्त्व कमी केलेलं असतं. नसेल तर वाऱ्यात एएनसी बंद करा. रस्त्यावर चालताना ती बंद असलेलीच बरी, मागची गाडी ऐकू यायला हवी.

२०. घामाने, पावसाने बिघडतो का? आणि एकूण टिकतो किती?

कान झाकणाऱ्या बहुतेक हेडफोनांना पाण्याचं कुठलंच मानांकन नसतं. आयपीएक्स४ असेल तर शिंतोडे सोसतो. त्यातला 'एक्स' म्हणजे धुळीची चाचणी केलेली नाही, इतकंच.

टिकण्याचं म्हणाल तर चिप सहसा शेवटी जाते. आधी जाते गादी. ते चामडं खरं नसून पॉलियुरेथेनचा लेप असतो. घाम आणि दमटपणाने तो दीड-दोन वर्षांत सोलायला लागतो. गादी सोलली की फट पडते, आणि मग प्रश्न ६ मधलं सगळं सुरू. म्हणून घ्यायच्या आधी तिची सुटी जोडी मिळते का आणि ती बसवायला स्क्रू उघडावे लागतात का, हे शोधा. त्यानंतरचा नंबर बिजागरीचा. माझ्या एका जोडाची प्लॅस्टिकची बिजागरी चौदाव्या महिन्यात तडकली, वॉरंटी बाराची होती. तेव्हापासून दुकानात मी आधी हेडफोन चार वेळा घडी घालून उलगडतो आणि कुरकुर ऐकतो, गाणं नंतर.

वापरलेला घेताय? बॅटरी बदलता येत नसेल तर तीन वर्षांपेक्षा जुना नको, आणि गाद्यांचा खर्च किमतीत धरा.

२१. एका कपमधून मधूनच शिट्टीसारखा आवाज येतो, हात नेला की वाढतो. वॉरंटीत देऊ का?

आधी एक बघा. स्पीकरचा आवाज फटीतून बाहेर जाऊन माइकमध्ये शिरला की तो पुन्हा वाढून परत येतो आणि शिट्टी वाजते, सभागृहातल्या माइकसारखीच. चष्म्याची काडी, टोपी, उशीला टेकलेला कप, केस, सोललेली गादी यांपैकी काहीतरी कारण असतं. माइकची बारीक भोकं मळाने बुजली तरी होतं. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, टाचणी घालू नका. मग हेडफोन डोक्यावर नीट बसवून, हात दूर ठेवून शांत खोलीत ऐका. तरीही त्याच बाजूने शिट्टी आली तर एक माइक बिघडलाय, तेव्हा दुकानाकडे न्या. नेताना फर्मवेअर अपडेट करून न्या, नाहीतर तिथे पहिलं तेच करायला सांगतील.